ओट्याची दिशा

ज्युरीला आलेल्या पाहुण्यांनी पेनाचं टोक माझ्या मॉडेलमध्ये खुपसलं आणि विचारलं, "हा ओटा असा का ठेवलाय?"

मॉडेल म्हणजे पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून केलेली टेकडी आणि त्या टेकडीच्या पोटात बसवलेली एक लांबट खोली. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक इमारत मुळापासून विचार करून काढावी लागते, तिला थिसिस म्हणतात. कोणी विमानतळ काढतं, कोणी म्युझियम. मी बुलडाणा जिल्ह्यातल्या माझ्या गावच्या मुलींसाठी अभ्यासिका काढली होती. खोलीत मागच्या भिंतीजवळ छताला एक लांब फट होती. तिच्यातून उजेड खाली यायचा आणि त्या उजेडात दगडाचा एक ओटा होता, उत्तर-दक्षिण. मुलींनी त्यावर बसावं, पुस्तकं पसरावीत, पाठ दुखली तर आडवं व्हावं, असा तो ओटा.

"फिरवा की तो," पाहुणे म्हणाले. "डोंगराला पाठ लावून, दरीकडे पाय सोडून मुली वाचतील. केवढा सुंदर अनुभव आहे तो!"

दरी पश्चिमेला होती. पश्चिमेलाच किबला, नमाजेची दिशा. आमच्या घरात रांगतं पोरसुद्धा पश्चिमेकडे पाय करून झोपत नाही. झोपलंच तर आई त्याला झोपेतच उचलून फिरवते. हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं होतं, की ओटा काढताना मी त्याचा विचारही केला नव्हता. पेन्सिल आपोआप तशी गेली. आता पुण्याच्या त्या एसी खोलीत हे सांगायचं कसं? सांगितलं असतं तर 'मग जाळी कुठे आहे, कमान कुठे आहे, तुमच्या समाजाची ओळख दिसत नाही' हे मघाचंच पुराण पुन्हा सुरू झालं असतं. मी म्हणाले, "सर्क्युलेशनसाठी, सर." पाहुण्यांनी मान डोलावली. खोटं इंग्रजीत बोललं की लगेच पटतं, हे मी पहिल्या वर्षीच शिकले होते.

ही अभ्यासिका माझ्या डोक्यात घातली ती नसीमा फुफीनं. फुफी म्हणजे माझ्या अब्बांची धाकटी बहीण. लग्न मोडून परत आली ती आमच्याच घरी राहिली. सातवीनंतर तिची शाळा सुटली होती, कारण पुढची शाळा देऊळघाटला आणि तिथे जायच्या वाटेवर मुलं उभी राहायची. उभी राहायची मुलं आणि शाळा सुटली मुलीची! हे गणित गावात कोणालाच चुकलेलं वाटलं नाही. चाळिशी उलटल्यावर फुफीनं बाहेरून दहावीला बसायचं ठरवलं, तेव्हा मात्र सगळ्यांना तिचंच गणित चुकलेलं वाटलं.

अब्बांचं गेट-ग्रिलचं वेल्डिंग घराच्या पुढच्या पडवीतच चालतं. माझी चुलत बहीण रुबिना नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास करायची तो स्वयंपाकघरात, गॅसच्या सिलेंडरवर पुस्तक ठेवून. तिच्या शेजारी फुफी, मांडीवर दहावीचा भूगोल. मी सुट्टीला गेले होते तेव्हा त्या दोघी तशा बसलेल्या होत्या आणि अम्मी त्यांच्या अंगावरून हात लांब करून मिठाचा डबा काढत होती. आमच्या घरची बोली अर्धी उर्दू, अर्धी वऱ्हाडी. फुफी त्याच बोलीत म्हणाली, "पोरगं अभ्यास करते त सारं घर चूप. पोरगी अभ्यास करते त म्हनतात, पुस्तक ठेव अन् भांडे घास. अदी, तू येवढी इंजिनेर का काय होऊन राह्यली, आमच्यासाठी एक खोली नाई काढू शकत?"

"काढीन, पण जागा कुठी हाय?"

"कब्रस्तानाच्या वरची बरडी रिकामीच हाय. तिथं गवत बी उगत नाई."

ती मुरमाड उताराची बरडी आमच्या जमातीच्या मालकीची. खाली कब्रस्तान, त्याच्या खाली रस्ता. गल्लीतल्या बायांना फुफीनं घरोघर जाऊन विचारलं. पहिली शंका सगळ्यांची एकच: कब्रस्तानाच्या वर पोरी बसवायच्या? फुफीचं उत्तर तयार असायचं. "मुर्दे कोनाले छेडतात का? छेडनारे समदे बसस्टँडवर जिते हायेत." एकेक करून बाया तयार झाल्या. फुफी मग कब्रस्तान कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, मेहबूब चाचांकडे गेली. चाचा माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. वाईट असते तर मला भांडायला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "आधी नक्शा आना. मंग पाहू."

असं लोक टाळायलाच म्हणतात. पण फुफीनं ते वचन समजून पदरात बांधलं आणि मी थिसिसचा विषय नक्की केला.

उतार मोजायला मी पाण्याची नळी वापरली. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक इकडे, एक तिकडे. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला उभं राहतं आणि जमीन किती खाली गेली ते कळतं. एक टोक रुबिनाकडे, दुसरं फुफीकडे. फुफीला नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धर म्हणून बजावलं होतं. पण खालून कोणी तरी सलाम केला आणि तिनं उत्तर द्यायला हात वर नेला. सगळं पाणी तिच्या सलवारीवर. आम्ही तिघी त्या मुरमावर बसून इतक्या हसलो, की बकऱ्या बिचकल्या. तो उतार मी मग पुन्हा पहिल्यापासून मोजला आणि मला त्याचा काडीचाही कंटाळा आला नाही.

पहिलं डिझाइन मी टेकडीच्या माथ्यावर केलं. खांबांवर उभं, चारी बाजूंनी काच, कॉलेजात आवडेल असं. कागदावर फार देखणं दिसलं. घरी नेलं तेव्हा रुबिना म्हणाली, "म्हंजे पानटपरीवर बसून कोनती पोरगी कवा आली, कवा गेली, समदं मोजता येईन." मी ते फाडलं. दुसरं डिझाइन माझ्या सरांनी सुचवलं: जेसीबीनं टेकडी कापून सपाट करायची आणि वर साधा हॉल बांधायचा. त्यात टेकडीच उरत नव्हती आणि पहिल्याच पावसाळ्यात वरचा मुरूम हॉलमध्ये उतरला असता. तेही बाजूला पडलं. पंधरा-पंधरा दिवस मी नुसत्या रेघा मारत होते आणि पुसत होते.

मग एका सुट्टीत आम्ही पुन्हा बरडीवर होतो आणि फुफी दिसेनाशी झाली. दुपारी बकऱ्या सावलीला बसतात त्या खोबणीत ती जाऊन बसली होती. तिथून ओरडली, "मी दिसून राह्यली का?"

"आवाज येऊन राह्यला. दिसून नाई राह्यली!"

"मले मात्र तिकडची टेकडी दिसून राह्यली. अन् वारा बी लागत नाई. मंग इथंच कर ना, माय!"

तिथंच केलं. टेकडीच्या पोटात शिरलेली खोली, वर मुरमाचंच छत, त्यावर गवत. समोर एक पडद्याची भिंत, इतक्याच उंचीची की बसलेलीला पलीकडची टेकडी दिसावी आणि खालच्या रस्त्यावरून ती कोणाला दिसू नये. दार भिंतीआडून, वळून. डोंगरात खोली बसवली की खरा शत्रू मागून येणारं पाणी. म्हणून मागच्या भिंतीबाहेर दगडगोट्यांचा थर, त्यातून पाणी खाली उतरून टाकीत जाणार. तरी थोडं पाझरणारच, म्हणून फरशीला ओट्याकडून नालीकडे बेताचा ढाळ. भिंतीत पुस्तकांसाठी कोनाडे. आणि छताची ती फट. ऊन कोणत्या महिन्यात कुठे पडेल हे मी कॉम्प्युटरवर काढलं होतं. हिवाळ्यात दुपारच्या अजानच्या आधी ते बरोबर ओट्यावर उतरायचं.

वर्गात हे समजावताना मी एकदा घाईत "मांगून पानी येऊन राह्यलं" असं बोलून गेले आणि सगळा वर्ग खिदळला. पुढे महिनाभर कोणाच्या घरचा नळ गळला तरी तेच वाक्य. पाण्याची नाली मात्र त्यातल्या एकालाही काढता आली नव्हती. असो. मॉडेलचे पुठ्ठे कापायला माझी रूममेट समता होती. ती डोणगावची, बौद्ध घरातली, माझ्यासारखंच 'मले-तुले' गिळून पुण्यात राहणारी. पुठ्ठ्याचे थर चिकटवताना ती म्हणाली, "आमच्याकडे एक वाचनालय बांधलं, बाबासाहेबांच्या नावानं. बाप्ये तिथं पत्ते खेळतात. पोरीईले म्हनतात, तुमच्यासाठीच त बांधलं, या ना." आणि मग, "तुह्यावाल्याची चाबी कोनाकडे राहीन?"

मी म्हणाले, "फुफीकडे." समतानं पुढचा थर चिकटवला.

ज्युरीनं चांगले मार्क दिले. ओट्याबद्दल शेरा मात्र लिहिलाच: 'दृश्याची संधी गमावली.' मी मॉडेल मांडीवर घेऊन एसटीनं घरी आले आणि तसंच कमिटीपुढे नेऊन ठेवलं.

माझ्या आयुष्यात माझं काम इतकं नीट कोणी पाहिलं नव्हतं. मेहबूब चाचांनी चष्मा लावला, छत उचलून बाजूला ठेवलं आणि आत बोट फिरवत एकेक गोष्ट विचारली. पडद्याची भिंत कशासाठी? बाहेरून आतलं काहीच दिसणार नाही ना? टाकीत बारमाही पाणी राहील? फरशीवर सांडलेलं पाणी कुठे जाईल? मी नाली दाखवली. मग त्यांचा हात ओट्यावर थांबला.

"हा उत्तर-दक्षिणच हाय ना, बेटी?"

"हाव, चाचा."

"माशाल्ला," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

मला वाटलं, पुण्याच्या विद्वानांना जे कळलं नाही ते या माणसानं एका नजरेत ओळखलं. न सांगता ओळखलं. मी घरी येऊन फुफीला मिठी मारली. गाढवीण मी! कळायचं ते त्यांना सगळं कळलं होतं, मलाच काही कळलं नव्हतं.

वर्गणी सुरू झाली, काम सुरू झालं. मी पुण्यात नोकरीला लागले आणि दुसऱ्यांच्या फ्लॅटमधल्या संडासांच्या टाइल्स मोजू लागले. सुरुवातीला फुफी फोनवर रोज बातमी द्यायची: मागची भिंत वर आली, दगड भरला, ओट्याचा दगड आला. मग ती कमी बोलू लागली. "बनून राह्यलं, अदी. तू ये, मंग बोलू," एवढंच. मला वाटलं, अभ्यासात असेल.

बकरी ईदला घरी गेले तेव्हा स्टँडवरून सरळ बरडीवर चढले. खोली तशीच होती, तंतोतंत. माझी एक रेघ त्यांनी हलवली नव्हती. छतावरचा मुरूम टेकडीत मिसळून गेला होता, पडद्याच्या भिंतीला चुना लागला होता. आणि दारावर हिरव्या रंगात, उर्दूत आणि मराठीत, लिहिलं होतं: गुस्लखाना.

गुस्लखाना म्हणजे मय्यतीला शेवटची आंघोळ घालायची जागा. मी आत डोकावले. ओट्यावर लाकडी तख्ता ठेवलेला होता, उत्तर-दक्षिण. आमच्या गावात मय्यतीचं डोकं उत्तरेला ठेवतात, आंघोळीलाही आणि कबरीतही. पुस्तकांच्या कोनाड्यांत कापूस, कापूर, साबण, अत्तराची बाटली आणि कफनाच्या कापडाचा तागा. सगळं कसं जागच्या जागी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

मी तशीच चाचांच्या दुकानात गेले आणि मोठ्यानं बोलले. गिऱ्हाईक होतं, तरी बोलले. "चाचा, तुम्ही मले फसवलं."

चाचांनी गिऱ्हाईकाला जायला सांगितलं. मला खुर्ची दिली. मग सावकाश बोलले. "मांगच्या पावसात माह्या बापाले गल्लीत आंघोळ घातली, बेटी. घरात जागा कुठी हाय कोनाच्या? चार जनांनी चादरी धरल्या. वारा आला अन् एक चादर उडाली. साऱ्या गल्लीनं माह्या बापाले उघडं पाह्यलं. ज्या मानसानं जिंदगीत कवा सदरा काढला नाई, त्याले." त्यांनी चष्मा पुसला. "तुहा नक्शा पाह्यला अन् मले वाटलं, अल्लानं धाडला. समदं होतं त्यात. परदा होता, पानी होतं, ढाळ होता. ओटा बी बराबर. जशी तुले कोनी सांगूनच काढाले लावलं."

"तो पोरीईसाठी होता, चाचा!"

"मंग मी कुठी नाई म्हनलं? कोनी रोज थोडी मरते? बाकीचे दिवस पोरीईनं बसावं. खुशाल बसावं."

यात खोट काढायला जागा नव्हती आणि म्हणूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलींसाठी मागितलेली प्रत्येक गोष्ट दिली होती त्यांनी. कोणाची नजर पडू नये अशी भिंत, स्वतःची टाकी, शांतता, उजेड. जिवंतपणी आम्ही ते मागत होतो तेव्हा 'पाहू' होतं. मेल्यावर लागेल म्हटल्याबरोबर वर्गणी एका जुम्म्यात, शुक्रवारच्या एका नमाजेत, गोळा झाली.

आणि बाकीच्या दिवशी कोण बसणार होतं? ज्या बायांना फुफीनं मोठ्या मुश्किलीनं तयार केलं होतं, त्या सगळ्या उलटल्या. रुबिनाची अम्मी, माझी चाची, स्पष्ट म्हणाली, "खाली मुर्दे असनं येगळं अन् त्याच तख्त्याजवळ बसनं येगळं. माही जवान पोरगी हाय. काही लागलं-बिगलं त तिच्याशी लगन कोन करीन?" रुबिना मान खाली घालून पुन्हा सिलेंडरजवळ बसली. तिची परीक्षा त्या वर्षी गेली. ती नुसती म्हणाली, "आवाज लय होते घरात," आणि पीठ मळायला उठली.

फुफीनं मात्र हार मानली नाही. जुम्मा सोडून रोज दुपारी ती एकटी बरडी चढायची, तख्ता उचलून भिंतीला लावायची, ओटा पुसायची आणि भूगोल उघडून बसायची. पोरींची भीती मोडावी म्हणून. पोरींचीच काय, कोणाचीही मोडली नाही. बाया म्हणाल्या, नसीमाचं डोस्कं फिरलं. अब्बांनी तिला दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा बोलणंच सोडलं. मला फोन यायचा तो तिथूनच. आवाज थोडा घुमायचा. "अदी, उजेड मस्त येते बरं का. दिवा लागत नाई. आज मी वाचता वाचता ओट्यावर आडवी झाली. पाय कुठी करू, हा विचारच नाई करा लागला." मग हसायची. मी विचारलं, "फुफी, भीती नाई वाटत?" ती म्हणाली, "कायची? हे त तू माह्यासाठी बांधलं ना? मधात दुसरेच लोकं येऊन जातात, त्याले मी काय करू?"

मार्चच्या परीक्षेचा फॉर्म तिनं भरला होता. थंडीत, एका संध्याकाळी चहा ठेवताना ती स्वयंपाकघरातच पडली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मला कळलं तेव्हा मी पुण्यात होते. दफन माझ्यासाठी दुसऱ्या दिवशीच्या जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजेपर्यंत थांबवलं.

बाईच्या मय्यतीला बायाच आंघोळ घालतात, घरच्याच, जवळच्या. अम्मी, चाची, रुबिना आणि मी. मी बांधलेल्या खोलीत मी कामासाठी पहिल्यांदा शिरले ती अशी. रुबिनाही पहिल्यांदाच आत आली. आता तिला कोणी अडवलं नाही. फुफीसोबत वाचायला ती इथे येऊ शकत नव्हती, पण फुफीला न्हाऊ घालायला येऊ शकत होती.

बोराची पानं घालून पाणी गरम केलेलं होतं. तख्त्यावर फुफी होती, डोकं उत्तरेला. अंगावरची चादर न हटवता खालून हात घालून आम्ही तिला धुतलं, उजवी बाजू आधी, मग डावी. मी पाणी ओतत होते आणि माझ्या मेल्या डोळ्यांना दुसरं काही दिसत नव्हतं, फक्त ढाळ दिसत होता. पाणी ओट्यावरून फरशीवर, फरशीवरून नालीत, कुठेही न तुंबता जात होतं. एक थेंब मागे राहिला नाही. किती नीट काढलं होतं मी! मला माझ्याच हाताचा राग आला.

अम्मी म्हणाली, "काफूर दे." मी कोनाड्याकडे वळले. कापराच्या डबीला लागून फुफीचा दहावीचा भूगोल होता. मधे खूण म्हणून अब्बांच्या वेल्डिंगच्या दुकानाचं कार्ड. तो तिथून कोणी हलवला नव्हता. आलेल्या-गेलेल्या सगळ्या मय्यतींनी त्याला जागा दिली होती. मी त्याच्या शेजारची डबी उचलली आणि अम्मीला दिली.

तेवढ्यात छताच्या फटीतून ऊन उतरलं. अजानच्या थोडं आधी, मी काढलं होतं तसंच. आधी भिंतीवर, मग तख्त्यावर, मग फुफीच्या तोंडावर. ज्युरीला मी याच उन्हाचं चित्र दाखवलं होतं. त्या चित्रात एक मुलगी ओट्यावर वाचत बसलेली होती.

रुबिनानं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाली, "अदीबा, इथं घरचा कोनताच आवाज येत नाई, गं."

मी रडले ती तेव्हा. तोपर्यंत रडले नव्हते.

तिसऱ्या दिवशी जियारत झाली, म्हणजे कबरीवरची दुआ. घरातली कुराणखानी, कुराणाचं पठण, संपल्यावर मेहबूब चाचा आमच्या पडवीत अब्बांजवळ येऊन बसले. त्या दिवशी वेल्डिंग बंद होतं. चाचा खरंच हललेले होते. मला बोलावून त्यांनी डोक्यावर हात ठेवला. "बेटी, लोकं म्हनतात अशी जागा जिल्ह्यात नाई. तुले लय दुआ लागून राह्यल्या." मग थांबून म्हणाले, "नसीमाची इच्छा राहून गेली. माह्या दिलाले लागलं ते. तिच्या नावानं पोरीईची अभ्यासिका बांधू. त्याच बरडीवर, बाजूले. तू एक नवा नक्शा काढून दे."

वरातीमागून घोडं. पण घोडं तरी निघालं, असं अब्बांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते माझ्याकडे आशेनं बघत होते. दारात चहाचा ट्रे घेऊन रुबिना उभी होती.

"काढते, चाचा," मी म्हणाले. "समदं तसंच ठेवते. भिंत, टाकी, उजेड. फक्त या वक्ती ओटा पूर्व-पश्चिम ठेवते. दरीकडे पाय येतीन असा."

चाचांचा हात माझ्या डोक्यावरून खाली आला. "तौबा! किबल्याकडे पाय? असं कसं चालीन, बेटी?"

"पोरीईले पाय दुमडून बसता येते, चाचा," मी म्हणाले. "मुर्द्याले येत नाई."

रुबिनानं चहाचा कप चाचांपुढे ठेवला. तो त्यांनी घेतला नाही. थोड्या वेळानं टोपी नीट करून ते उठले आणि अब्बांना सलाम करून निघून गेले.

नक्शा मी त्याच आठवड्यात काढला. पडवीतल्या अब्बांच्या दुकानात, ग्रिलच्या सळयांच्या मागे, गुंडाळून ठेवला आहे. न्यायला अजून कोणी आलेलं नाही.